मकावमधले चार दिवस: जुगाराच्या नगरीत पाव, चावी आणि चुना

मकावला जाणार असे सांगितले की ऐकणारा पहिला प्रश्न कॅसिनोबद्दलच विचारतो, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण २००६ मध्ये जुगाराच्या उलाढालीत या शहराने लास व्हेगासलाही मागे टाकले. मी आणि माझी थोरली बहीण मात्र चार दिवसांत एकदाही पत्त्यांच्या टेबलाजवळ गेलो नाही आणि तरीही आम्हाला वेळ पुरला नाही. ताई अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघ्यांनी थोडी त्रस्त आहे आणि निवृत्त होईपर्यंत तिने शाळेत इतिहास शिकवला. चीनच्या किनाऱ्यावरचे पूर्वीचे पोर्तुगीज ठाणे असलेले मकाव १८४४ पर्यंत कारभाराच्या दृष्टीने गोव्याच्या अधिपत्याखाली होते, हे तिनेच मला निघण्यापूर्वी सांगितले होते. मार्चमधल्या त्या गुरुवार ते सोमवारच्या मुक्कामात या एका वाक्याचा प्रत्यय पावलोपावली येत गेला.

गुरुवार: ओलावा आणि पाट्या

हाँगकाँगच्या विमानतळाशेजारच्या बंदर-नाक्यावरून मकावला जाणारी बस दिवसरात्र चालते, दिवसाचे तिकीट ६५ हाँगकाँग डॉलर आहे आणि २०१८ मध्ये खुल्या झालेल्या ५५ किलोमीटरच्या सागरी सेतूवरून ती साधारण पाऊण तासात पोहोचवते. भारतीय पारपत्रधारकांना मकावमध्ये तीस दिवस व्हिसाशिवाय राहता येते, पण हाँगकाँगसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावीच लागते. ती छापून जवळ ठेवावी. मकावमध्ये पारपत्रावर शिक्का न मारता एक छोटी चिठ्ठी देतात, ती हरवू नये.

उतरताच जाणवली ती हवा. वसंताच्या तोंडावर दक्षिणेकडून येणारे दमट वारे हिवाळ्यात गार पडलेल्या भिंतींना भिडतात आणि भिंतींना अक्षरशः घाम फुटतो. आमच्या हॉटेलच्या जिन्यातल्या फरशीवर पाण्याचे थेंब उभे होते आणि दाराशी पुठ्ठे अंथरलेले होते. सुती कपडे दोन दिवसांत वाळले नाहीत, तेव्हा या दिवसांत जाणाऱ्यांनी चटकन वाळणारे कपडे आणि न घसरणारे बूट न्यावेत.

कोताई भागातले, समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवरचे मोठे हॉटेल न घेता आम्ही जुन्या शहरात, सेनादो चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर उतरलो होतो. हा निर्णय फार बरा ठरला, कारण २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेला सगळा जुना भाग तिथून पायी फिरता येतो. संध्याकाळी चौकात गेलो तेव्हा काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांच्या लाटा काढलेली ती फरसबंदी ओलाव्याने चमकत होती, आणि ताई लाटांवर पाय ठेवताना नकळत जपून पाऊल टाकत होती.

तिथेच आमचा खेळ सुरू झाला. मकावमध्ये रस्त्यांची नावे निळ्या-पांढऱ्या टाइलवर चिनी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत लिहिलेली असतात आणि दुकानांच्या पाट्याही बहुधा दोन्ही भाषांत असतात. पोर्तुगीज बोलणारे आता फार थोडे उरले आहेत, पण पाट्यांवर ती भाषा शाबूत आहे. ताईने एका कुलपांच्या टपरीवर ‘शाव्ह’ हा शब्द रोमन अक्षरे जुळवत वाचला आणि म्हणाली, “अरे, ही तर आपली चावी!” मग बेकरीवर ‘पांव’ दिसला, तो आपला पाव. भाजीच्या दुकानात ‘बताता’ आणि ‘कोव्ह’, म्हणजे बटाटा आणि कोबी. कामगाराच्या नावामागे ‘मेस्त्र’, म्हणजे आपला मेस्त्री. पगार, घमेले, बिजागरी, तुरुंग, नाताळ हे शब्द आपण ज्या लोकांकडून घेतले, त्यांनी १५५७ च्या सुमारास इथे वस्ती केली आणि ते १९९९ च्या २० डिसेंबरपर्यंत इथे होते. वसई १७३९ मध्ये त्यांच्या हातून गेली, पण शब्द आपल्याकडेही राहिले आणि इथेही.

शुक्रवार: अडुसष्ट पायऱ्या, एक भिंत आणि एक व्हरांडा

सकाळी साडेसातला सेंट पॉलच्या भग्न चर्चकडे निघालो. दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून लवकर जाणे हाच एक उपाय आहे. समोरच्या दगडी पायऱ्या अडुसष्ट आहेत हे ताईला ठाऊक होते, आणि आपल्या वयाइतक्या पायऱ्या आपण चढणारच, असे तिने आदल्या रात्रीच ठरवले होते. प्रत्येक टप्प्यावर थांबत, कठड्याला टेकत ती चढली.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले हे चर्च १८३५ च्या वादळात लागलेल्या आगीत जळाले आणि दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. तिचे कोरीव काम जपानमधून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कारागिरांनी आणि स्थानिक चिनी पाथरवटांनी केले, म्हणून तिथे मरियमबरोबर शेवंतीचे फूल आहे, पोर्तुगीज जहाज आहे, आणि अनेक तोंडांच्या राक्षसी सापाशेजारी चिनी अक्षरांत ‘पवित्र माता ड्रॅगनचे मस्तक तुडवते’ असा मजकूर आहे. मागे गेल्यावर एका तळघरात जपान आणि व्हिएतनाममध्ये हुतात्मा झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या अस्थी काचेमागे ठेवल्या आहेत. ताई तिथे बराच वेळ उभी राहिली. १५९७ मध्ये नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मारले, त्यांच्यात आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया होता, हे ती वर्गात दरवर्षी सांगत असे.

चर्चच्या भिंतीला जवळजवळ टेकूनच ना-चा या बालदेवाचे चिमुकले देऊळ आहे. साथीचा रोग हटावा म्हणून १८८८ मध्ये ते बांधले. आणि देवळाच्या अंगाला शहराच्या जुन्या तटाचा एक तुकडा उभा आहे, ज्याच्याकडे बहुतेक लोक पाठ करून फोटो काढतात. त्या तुकड्यासाठी मी वाचकांना मुद्दाम थांबायला सांगेन. मी जवळ जाऊन पाहिले. तांबूस मातीचे थरावर थर दाबून बसवलेले, मध्ये वाळू, भाताच्या पेंढ्याच्या काड्या, दगडाची कच आणि नखाएवढे पांढरे तुकडे, म्हणजे कालवांचे शिंपले. या मिश्रणाला इथे ‘चुनांबो’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्या दक्षिण किनाऱ्यावरून उचलला आणि आपला ‘चुना’ त्याच कुळातला आहे. कोकणात शिंपले भाजून चुना करत असत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या भिंतीची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

वरच्या मोंते किल्ल्यावर जाण्यासाठी संग्रहालयातून सरकता जिना आहे, गुडघेदुखी असणाऱ्यांनी तोच धरावा. १६२२ च्या २४ जूनला डचांनी मकाववर हल्ला केला, तेव्हा या टेकडीवरून डागलेला गोळा त्यांच्या बंदुकीच्या दारूच्या साठ्यावर पडला असे सांगतात. तोफा आजही रोखलेल्या आहेत, आणि त्यातल्या एकीच्या तोंडासमोर नेमकी ग्रँड लिस्बोआ या कॅसिनोची कमळाच्या आकाराची सोनेरी इमारत येते.

दुपारी बाराच्या बसने आम्ही बार्राकडे निघालो आणि चुकलो. जुन्या शहरातले बरेच रस्ते एकेरी आहेत, त्यामुळे जाण्याचा थांबा एका रस्त्यावर आणि येण्याचा दुसऱ्याच रस्त्यावर असतो. आम्ही थेट उत्तरेच्या सीमेवरच्या नाक्यापर्यंत पोहोचलो आणि परतण्यात तासभर गेला. बसचे भाडे कुठेही जा, सहा पताका (पताका हे मकावचे चलन) आहे आणि चालक सुटे देत नाही, म्हणून नाणी जवळ हवीत. हाँगकाँगचे डॉलर सगळीकडे घेतात, पण मकावचे पताका हाँगकाँगमध्ये चालत नाहीत.

बार्राला आ-माचे देऊळ आहे. समुद्रावर जाणाऱ्यांची ही देवता, आणि ‘आ-माची खाडी’ या अर्थाच्या शब्दांवरूनच पोर्तुगीजांनी मकाव हे नाव घेतले. खडकाळ उतारावर पायऱ्यांनी जोडलेली लहान लहान मंदिरे आहेत आणि छतापासून टांगलेली उदबत्तीची भलीमोठी वेटोळी तासन्‌तास जळत असतात. ओलाव्यामुळे धूर वर न जाता खांद्याच्या उंचीवर रेंगाळत होता. ताईने तीन उदबत्त्या घेतल्या, शेजारच्या आजीबाईने तिला त्या कशा धरायच्या ते हाताने दाखवले, आणि दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला.

तिथून चढावर चालत गेले की डाव्या हाताला पिवळ्या-पांढऱ्या रंगाची, टोकदार कमानींची लांबलचक इमारत लागते. तिला मूरांची, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांची, बराक म्हणतात. ती १८७४ मध्ये बांधली, आणि ती बांधली गोव्याहून आलेल्या हिंदी शिपायांच्या तुकडीसाठी, मकावच्या पोलीस दलाला कुमक म्हणून. आज तिथे सागरी खात्याचे कार्यालय आहे आणि पाहुण्यांना फक्त व्हरांड्यापर्यंत जाता येते. पण त्या व्हरांड्यात उभे राहावे. उंच छत, गार फरशी, कमानींच्या ओळीतून येणारा तिरपा प्रकाश. आपल्या भागातला कुणी पोरगा दीडशे वर्षांपूर्वी इथे उभा राहून पावसाकडे पाहत असेल, ही कल्पना माझ्या मनातून नंतर दोन दिवस गेली नाही. मार्गदर्शक पुस्तिका या जागेला दोन ओळी देते. माझ्या मते मराठी माणसाने मकावमध्ये काही पाहायचे तर आधी हे पाहावे.

पुढे लिलाऊचा छोटा चौक आहे, वडाच्या जातीचे डेरेदार वृक्ष, बाक, आणि एक जुना झरा. लिलाऊचे पाणी प्यालेला माणूस मकाव विसरत नाही, अशी इथली म्हण आहे. आम्ही बाकावर बसून आमच्या बाटलीतले पाणी प्यालो.

रात्री कोताईला जाऊन आलो. मोठी हॉटेले सीमेच्या नाक्यांवरून आणि धक्क्यांवरून फुकट बस सोडतात, आणि त्यात बसण्यासाठी हॉटेलात उतरलेले असण्याची गरज पडत नाही. तिथली अर्ध्या उंचीची आयफेल प्रतिकृती आणि विन पॅलेससमोरच्या तळ्यातली संगीतावर नाचणारी कारंजी बाहेर उभे राहून पाहता येतात. कारंजी खरोखर सुंदर आहेत, पण एका संध्याकाळीपेक्षा जास्त वेळ त्या भागाला देऊ नये असे माझे मत झाले. एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला कॅसिनोत प्रवेश नाही, तेव्हा मुलांबरोबर जाणाऱ्यांनी हॉटेलातली वाट आधी विचारून घ्यावी. शुक्रवार-शनिवारी खोल्यांचे दर बरेच चढतात, हेही लक्षात ठेवावे.

शनिवार: बाग, पारशी कबरी आणि जांभळे झगे

लू लिम योक बाग ही चीनमधल्या सूझौ शहराच्या धाटणीची छोटी बाग सकाळी पाहावी. तळ्यावरच्या नऊ वळणांच्या पुलाशेजारी काही वृद्ध मंडळी संथ व्यायाम करत होती आणि एका मंडपात दोन वाद्यांच्या साथीवर एक बाई कँटोनीज नाट्यपद म्हणत होत्या. मधेच थांबून वादकाला सूर चुकल्याचे सांगत होत्या आणि पुन्हा पहिल्यापासून धरत होत्या. आम्ही तासभर तिथून हललो नाही.

गिया टेकडीवर फ्लोरा बागेतून दोरावरचा छोटा पाळणा जातो (सोमवारी तो बंद असतो). वरचा दीपस्तंभ १८६५ चा, चीनच्या किनाऱ्यावरचा पहिला पाश्चात्त्य पद्धतीचा. त्याला लागून असलेल्या लहानशा प्रार्थनागृहाच्या भिंतींवर १९९६ मध्ये डागडुजी करताना जुनी चित्रे सापडली, त्यांत देवदूतांबरोबर चिनी धाटणीची नक्षी आहे.

टेकडीच्या समुद्राकडच्या उतारावर पारशांची स्मशानभूमी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन चीनच्या कँटन बंदरात येत. परदेशी व्यापाऱ्यांना तिथे वर्षभर राहण्याची मुभा नव्हती, म्हणून हंगाम संपला की ते मकावला राहत, आणि इथे दख्मा, म्हणजे मृतदेह पक्ष्यांसाठी ठेवण्याचा मनोरा, नसल्यामुळे मेलेल्यांना पुरावे लागे. ही जागा १८२९ ची. फाटकाला कुलूप होते आणि गजांतून दगडी पायऱ्या व त्यावर चढलेले शेवाळ एवढेच दिसले. ताईने गजांना हात लावून क्षणभर डोळे मिटले.

जेवणाचे आता सांगतो. ताई शाकाहारी आहे, प्रवासात अंडे चालवून घेते. तिच्यासाठी ताइपा बेटावरच्या पोउ ताई बौद्ध मठातले शाकाहारी जेवण आणि जागोजागी मिळणारे वाफवलेल्या दुधाचे खरवसासारखे गोड हे दोन आधार होते. मी मकानीज जेवण जेवलो. पोर्तुगीज, चिनी, मलाय आणि गोवेकर स्वयंपाकघरांच्या मिश्रणातून झालेले हे जेवण आहे. मिंची म्हणजे खिमा, बटाट्याच्या बारीक तळलेल्या फोडी आणि वर अर्धे शिजलेले अंडे. त्याहून महत्त्वाचे वाटले ते बालिशांव, कोळंबीचे आंबवलेले तिखट-खारट वाटण. गोव्यातला बलचांव ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना नाव आणि वास दोन्ही ओळखीचे वाटतील.

संध्याकाळी सेंट जोसेफच्या सेमिनरीत गेलो. तिथल्या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या हाताचे एक हाड ठेवले आहे. १५५२ मध्ये तो याच किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. देह जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकामध्ये आहे आणि हाड इथे. बाहेर पडलो तो सेंट ऑगस्टीन चौकात गर्दी. जांभळे झगे घातलेले पुरुष रांगेत उभे होते आणि एका वृद्ध बाईंनी, आम्ही गोंधळलेले पाहून, इंग्रजीत समजावले की चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा हा पहिला शनिवार आहे आणि क्रूस खांद्यावर घेतलेल्या येशूची मूर्ती आज रात्री इथून कॅथेड्रलमध्ये जाईल, तिथे मुक्काम करील आणि उद्या शहरातून फिरून परत येईल. मूर्ती पूर्वी एकदा कॅथेड्रलला नेऊन ठेवली होती, पण ती आपण होऊन इथे परतली, अशी त्यामागची कथा आहे. त्या बाई मकानीज होत्या, म्हणजे पोर्तुगीज आणि आशियाई रक्ताच्या मिश्र समाजातल्या. त्यांची पणजी गोव्याची होती. ताई म्हणाली, “म्हणजे पालखीच की!” मी ते इंग्रजीत सांगितले, तेव्हा बाईंनी ‘पालंकी’ हा शब्द पोर्तुगीजमध्येही असल्याचे सांगितले.

मूर्ती बाहेर आली तेव्हा कुणी बोलत नव्हते. फक्त पावलांचा आवाज आणि मेणबत्त्या होत्या.

रविवार: कोलोआन आणि व्हेरोनिका

बस २६ए शहरातून कोलोआन बेटावर जाते. सकाळी नऊला पोहोचलो तर गाव झोपेतच होते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या लॉर्ड स्टोज बेकरीतला अंड्याचा टार्ट एव्हाना जगभर माहीत आहे, पण तो तिथेच, भट्टीतून काढल्यापासून दहा मिनिटांत खावा. पापुद्रा बोटांत तुटतो, वरचा भाग जागोजागी करपून काळा झालेला असतो आणि आतले दाटसर मिश्रण अजून हलत असते. पाण्याच्या कडेला बसून खाल्ला, समोर अरुंद खाडीपलीकडे चीनचे हेंगचिन बेट दिसत होते.

पलीकडच्या चौकात झेवियरच्या नावाचे १९२८ मधले पिवळे-पांढरे प्रार्थनागृह आहे, आणि कालचे ते हाड पूर्वी इथेच होते. समोरचे स्मारक १९१० मध्ये चाच्यांचा पराभव केल्याचे आहे. दोन-तीन गल्ल्या पुढे ताम कुंग देवळात व्हेलच्या हाडातून केलेली नाव आहे, ती चुकवू नये. काळ्या वाळूचा हाक सा किनारा आम्ही सोडला, कारण चारपर्यंत परतायचे होते.

परतीला ताइपाच्या जुन्या गल्लीत बदामाची बिस्किटे घेतली. तिथे दुकानदार पसाभर चव बघायला देतात. तेथून हलक्या रेल्वेने बार्राला आलो, ही गाडी २०२३ च्या डिसेंबरपासून पूल ओलांडून मुख्य शहरात येते आणि बसपेक्षा पुष्कळ सोयीची आहे.

मिरवणूक कॅथेड्रलमधून निघाली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. पुढे पोलिसांचा बँड, मागे पंख लावलेली लहान मुले, मग जांभळे झगे आणि मूर्ती. ठरलेल्या ठिकाणी सगळे थांबले. काळ्या पोशाखातली एक तरुणी स्टुलावर चढली आणि गाताना हातातली कापडाची गुंडाळी हळूहळू उलगडू लागली. कापडावर येशूचा चेहरा होता. ती व्हेरोनिका, वाटेत येशूचे तोंड पुसणारी बाई. गाणे लॅटिन होते, शब्द समजले नाहीत. समोरच्या दुकानाच्या पायरीवर एक चिनी आजोबा वाटीतले नूडल्स हातात तसेच धरून उभे होते आणि गाणे संपेपर्यंत त्यांनी घास घेतला नाही. कालच्या बाई गर्दीतून आमच्याकडे आल्या आणि ताईच्या हातात स्वतःची छत्री देऊन मूर्तीमागे चालू लागल्या. ती छत्री परत करायला आम्ही सेंट ऑगस्टीनपर्यंत पूर्ण मिरवणूक चाललो. ताईने गुडघ्यांचे नाव काढले नाही.

सोमवार

हाँगकाँगमध्ये पताका चालत नाहीत, म्हणून उरलेली नाणी संपवायची होती. बस सुटायला अवकाश होता. कोपऱ्यावरच्या बेकरीवर ताईने पाटी वाचली, बोटाने ट्रेकडे दाखवले आणि चार पाव घेतले. दोन आम्ही थांब्यावरच खाल्ले, गरम होते.